प्रवाळ कुठून आलं ते पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक कसा सजवायचा ते आलं होतं, फोटो लई भारी, पण ते मासे अन् ते प्रवाळ येतात कुठून हे राहूनच गेलं. मी लातूरला चार वर्षं झाली असा टँक ठेवतोय म्हणून लिहायलोय.

सुरवातीला मी पण येडाच होतो. दुकानदारानं "जिवंत दगड आहे साहेब" म्हणून प्रवाळाचा तुकडा गळ्यात मारला, पंधरा दिवसांत पांढराफटक. मग कळलं की दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत त्याच यादीत, अन् सीहॉर्स म्हणजे समुद्री घोडा, तो पण तेव्हाच त्या यादीत घातला! आपल्याला पोवळं म्हणलं की अंगठीतलं तेवढं माहीत.

माशांची तऱ्हा अजून वाईट. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडं काही जण सायनाईडचं पाणी मारून मासे गुंगवून पकडतात, तिकडं प्रवाळ मरतं अन् इकडं दुकानात ठणठणीत दिसणारा मासा घरी आणला की काही दिवसांत उलटा, आपण म्हणतो पाणी मानवलं नाही. म्हणून घेताना विचारा, हॅचरीचा, म्हणजे पैदास करून वाढवलेला आहे, का समुद्रातला? क्लाऊनफिश, तो नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, दगडाला चिकटवून अंडी घालतो, हॅचरीत चांगला तयार होतो अन् तिथला मासा दाणा पण नीट खातो. ब्लू टँग हा निळा मासा मात्र टँकमध्ये पहिल्यांदा वाढवायला २०१६ उजाडलं, त्यामुळं दुकानात दिसला की बहुतेक समुद्रातूनच उचललेला.

त्याच २०१६ ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, त्यामुळं या छंदाचं बोलताना जरा लाजच वाटते. टँकसाठी पाणी आरओ फिल्टरनं शुद्ध करून घ्यावं लागतं, त्यात वाया जाणारं पाणी मी भांड्याला अन् झाडाला वापरतो. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर अन् टँक २५-२६ डिग्रीवर ठेवायचा, पाणी थंड करायला चिलर पाहिजे, लाईट गेली तर इन्व्हर्टर पाहिजे, हे जमत नसेल त्यानं सरळ गप्पी पाळावेत. अन् मीठ कालवलं की लगेच मासे सोडायचे नाहीत, महिना-दीड महिना टँक तसाच चालवायचा, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच, घाई केली की मासे मरतात अन् त्यांच्या जागी परत समुद्रातलेच येतात.

पुढच्या वेळी फोटोखाली एवढं टाकलं तर बरं होईल. माझ्या टँकमध्ये सध्या हॅचरीचे दोन क्लाऊनफिश अन् सिरॅमिकचे दगड आहेत, पाहुणे म्हणतात रिकामा रिकामा दिसायलाय. दिसू द्या.

आपला एक वाचक, लातूर