मारा नदीकाठी थांबायचं कसं

प्रिय सुहास,

ऑगस्टात केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात निघतोयस, तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घे. दाखला नसेल तर परत आल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात. केनियात २०१७पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे चिवडा-लाडू डब्यातच ने.

गाडीत मात्र काटकसर नको. तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच. एक सर आली की साधी व्हॅन रुतलीच म्हणून समज. लँड क्रूझर घे आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल इतकीच माणसं बसव.

आता नदी. विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) मारा नदी ओलांडायला काठावर जमतात, पुढचे पाण्यापर्यंत उतरतात, हुंगतात आणि अचानक मागे फिरतात. असं तासन्‌तास चालतं. कधी मगर दिसलेली असते, कधी झुडपात सिंह असतो. पण पुष्कळदा वाट अडते ती काठावर खेटून लावलेल्या गाड्यांमुळे. म्हणून ड्रायव्हरला आधीच बजाव: उताराच्या तोंडाशी गाडी नको, मागे झाडाआड थांबायचं. पहिले पाण्यात पडून मागे रांग लागली की मगच पुढे. एकदा रांग धरली की कळप सहसा तुटत नाही. मगरींचे फोटो सगळेच काढतात. खरा घात खडा काठ आणि चेंगराचेंगरी करते. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट तिथे बुडून मरतात, आणि त्यावर गिधाडं, मारबू करकोचे, मासे सगळे पोसतात.

फोटो काढताना इंजिन बंद करायला लाव, नाहीतर थरथरीने फोटो हलतो. लेन्सखाली ठेवायला रिकामी कापडी पिशवी ने, तांदूळ तिथेच भर. धुळीत लेन्स बदलू नकोस. दुर्बीण ८x४२ (आठ पट मोठं दाखवणारी) पुरे. त्याहून जास्त पटीची गाडीत हातात स्थिर राहत नाही.

शिकारी प्राणी शोधायचे तर आधी हरणांकडे बघ. वारुळावर उभं राहून ‘टोपी’ जातीचं हरीण एकाच दिशेला रोखून बघत फुरफुरत असेल, तर त्या गवतात कोणीतरी आहे. गिधाडं घिरट्या घालत असतील तर सोडून दे; सरळ खाली उतरत असतील तर गाडी वळव. झाडावर गप्प बसली असतील तर सिंह अजून मारलेलं जनावर खात तिथेच बसलाय.

दिवसभर लोळणारा सिंह चार-साडेचारनंतर सारख्या जांभया द्यायला लागला की हलू नकोस, तो उठणार असतो. फक्त अंधार पडायच्या आत तळावर परतायचं असतं. तेव्हा नदीजवळचाच तळ निवड, भाडं जास्त पडलं तरी; जुलै ते डिसेंबर अभयारण्याचं तिकीटच माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, ते रस्त्यात घालवायचं नाही.

तुझा,
अविनाश