गोळी घेतेस ना?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तू चहासुद्धा न घेता एसटीत बसलीस, तेव्हापासून हे पत्र मनात चाललं आहे. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. त्या दिवशी ओसरीत तू बोलून गेलीस की पायांना मुंग्या येतात. दूध-तुपावरून झालेल्या भांडणाच्या नादात कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

रागवायला लिहीत नाही. दूध-तूप सोडलंस, ते सोडलंस. बी-१२ ची गोळी घेतेस का, तेवढं कळव. आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, हे भाकरीत, डाळीत, भाजीत नसतंच. शरीरात साठा असतो म्हणून वर्ष-दोन वर्षं काही कळत नाही, मग मुंग्या येतात, तोंड येतं, विसरायला होतं. पालेभाज्या भरपूर असल्या की रक्त ठीक दिसतं आणि आतून नसा खराब होत राहतात. मोठ्या मायच्या पायातली चप्पल निघाली तरी तिला कळायचं नाही, आठवतं ना?

आता तुझ्या प्रश्नाचं. तू गोठ्यात विचारलंस, "हाल्या कुठे आहे?" नाना म्हणाले, "मेला." ताई, तो मेला नव्हता. एकवीस दिवसांचं नर पारडू असताना बाजारात गेला. वगार झाली असती तर ठेवली असती. हाल्याला आता काम नाही, नांगरटी ट्रॅक्टर करतो. २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, हाल्याला ती नाही. तो कुठे गेला असेल ते मला माहीत आहे, नानांनाही. म्हणून ते तुझ्यावर ओरडले.

तू सात वर्षांची असताना एक पारडू मेलं होतं. म्हैस पान्हा सोडेना, म्हणून आजोबांनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभं केलं. ती चाटत राहिली आणि दूध देत राहिली. तू मात्र तुझ्या हातातली भाकरी त्या कातड्याच्या तोंडाला लावलीस. खात नाही म्हणून रडलीस, आणि आजोबांशी दोन दिवस बोलली नाहीस. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटतं, आमच्या अख्ख्या घरात तुलाच ते दिसलं होतं.

पण दूध काढण्याला तू "चोरी" म्हणालीस, ते लागलं. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी दर दहा दिवसांनी घरात येणारा पैसा फक्त दुधाचा होता, आणि तुझ्या कॉलेजची पहिली फी त्यातूनच भरली. पहाटे साडेचारला उठून ते दूध काढणारे हात माझे होते. हे ऐकवायचं नाही असं ठरवलं होतं. ऐकवलंच. माफ कर.

मोठी माय चार सडांतलं एक सड पारडाला सोडायची. डेअरीला दूध घालायला लागल्यावर मी तेही पिळायला लागले. धाकट्या म्हशीला परवा वगार झाली. तिच्यासाठी एक सड पुन्हा सोडते आहे. नाना काही बोलत नाहीत, नुसतं बादलीत बघतात. याने तुझं समाधान होणार नाही, ठाऊक आहे.

खोलीवर नुसता पाव आणि चहा चालतो म्हणे! आपल्या खान्देशात तुला उपाशी राहायचं काय कारण? कळण्याचं पीठ पाठवते, ज्वारीत सालाचे उडीद आहेत, भाकरी होईल नाहीतर थालीपीठ लाव. पातोडीच्या रश्श्यात तसंही दूध-तूप नसतं. वरण-बट्टी तेलातली कर. भरताचं वांगं शेगडीवर तव्यात तेल लावून झाकून ठेव. पऱ्हाट्यांवर भाजल्याची चव यायची नाही, पण मिरची-लसूण कुटून, दाणे आणि पातीचा कांदा घातला की पोट भरतं. तीळ रोज खा, हाडांसाठी. मेथीवर लिंबू पिळ. जेवल्या-जेवल्या चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. आणि गोळी. भरीत कितीही खाल्लंस तरी गोळी लागतेच.

एक सांगायचं राहिलं. मी शेंगदाण्याचं दही लावून बघितलं. दाणे रात्रभर भिजवले, वाटून गाळले, उकळून कोमट केलं आणि विरजण म्हणून हिरव्या मिरचीचे देठ टाकले. पहिल्यांदा पाणीच झालं. दुसऱ्यांदा लागलं. नानांनी भाताशी खाल्लं आणि विचारलं, "ताईला जमेल का हे?"

डबा शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येईल, सकाळी उतरवून घे. त्यात भरीतही आहे, ते त्याच दिवशी संपव. पिठाखाली गोळ्यांची पाकिटं आहेत, किती आणि कधी ते सिस्टरनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. आधी रक्त तपासून ये. रिपोर्टचा फोटो नानांना नको, मला पाठव.

तुझी,
माय