चिपाडाचा कोळसा आणि काकांच्या अटी : एक आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

आभार मानलेले आपल्याला आवडत नाहीत, हे ठाऊक असूनही हे पत्र उघडपणे लिहीत आहे. इंदूरच्या आसपास भाजीपाला पिकवणारे आम्हा काही जणांसारखे लोक हल्ली उसाच्या चिपाडाचा कोळसा, म्हणजे मातीत मिसळायचा बायोचार, करू पाहतात; त्यांच्यापर्यंत ड्रमच्या भट्टीची आकृती चटकन पोहोचते, पण आपण तिच्याबरोबर घातलेल्या अटी मागेच राहतात. मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः त्या अटींबद्दल.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत उमेदीची वर्षे काढून आपण मुलाकडे इंदूरला राहायला आलात. चिपाडाला कचरा म्हणायला आपण पहिल्याच दिवशी हरकत घेतलीत. कारखान्यात गाळलेल्या उसाच्या साधारण २८ ते ३० टक्के चिपाड निघते, त्यात जवळपास निम्मे पाणी असते, आणि ते बहुतेक सगळे बॉयलरमध्ये जळून कारखान्याला वाफ व वीज पुरवते. ते इंधन काढून घेऊन त्याचा कोळसा करू नये, आपण घ्यावे ते रसवंत्यांच्या मागे माश्या घोंगावणारे चिपाड, असे आपण सांगितलेत, आणि आमचा कच्चा माल तिथेच ठरला.

भट्टीविषयी थोडक्यात लिहिते. चिपाड कडकडीत वाळवायचे, आतल्या बंद ड्रममध्ये भरायचे, बाहेरच्या ड्रममध्ये जाळ करायचा आणि आतून निघणारा वायू छिद्रांवाटे त्याच जाळात सोडायचा, म्हणजे धूर गल्लीभर पसरत नाही. हवा जवळजवळ न लागता ४०० ते ६०० अंश सेल्सिअसला तापलेल्या चिपाडाच्या कोरड्या वजनाचा पाव ते एक तृतीयांश भाग कोळसा म्हणून उरतो. तो हातावर चोळून साध्या पाण्याने धुवावा, तेलकट डाग राहिला तर भट्टी पुरेशी तापली नव्हती असे समजावे, ही आपली परीक्षा आम्ही प्रत्येक घाण्याला लावतो.

खरा आग्रह होता तो मातीविषयी. बायोचारची कीर्ती मुख्यतः ॲमेझॉनच्या खोऱ्यातील कोळसा मिसळलेल्या काळ्या मातीमुळे झाली. पण तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आणि झिजलेली, तर आपली माळव्याची काळी जमीन चिकणमातीने भरलेली, पाणी व अन्नद्रव्ये मुळातच धरून ठेवणारी आणि बहुधा अल्कधर्मी. चिपाडाचा कोळसाही सहसा अल्कधर्मीच निघतो. म्हणून परदेशातील उत्पन्नवाढीचे आकडे इथे लावू नयेत, आधी जमिनीचा सामू (pH) तपासावा आणि लहानशा वाफ्यातच सुरुवात करावी, हे आपण इतक्या वेळा बजावलेत की ते आमच्याकडे चेष्टेचा विषय झाले होते. ती चेष्टा आता कोणी करत नाही. आमच्या जमिनीला कमतरता आहे ती सेंद्रिय कर्बाची. कंपोस्टमधला बराचसा कर्ब इथल्या उन्हात काही वर्षांत विरून जातो, कोळशातला पुष्कळसा भाग शतकभर टिकू शकतो, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप करण्याजोगा आहे.

दुसरी अट म्हणजे कोरा कोळसा जमिनीत घालायचा नाही, कारण तो स्वतः खत नसून जवळचे नत्रही काही काळ अडकवून ठेवू शकतो. शेणकाला आणि गोमूत्र पाजून, कंपोस्टच्या ढिगात मुरवूनच तो वाफ्यात न्यायचा. इथे आपण आम्हाला आमच्याच शहराची आठवण करून दिलीत. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काडीकचरा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि त्या कामात रसायनाची बाजू सांभाळणारे यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. इथल्या मराठी घरांतून वाडांचे नाव क्वचितच निघते, याची मला खंत वाटते. आम्ही आता त्याच रीतीच्या ढिगात कोळशाचा पातळ थर देतो.

प्रेसमडच्या, म्हणजे कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करताना उरणाऱ्या गाळाच्या, बाबतीत मात्र आपण भट्टीच नाकारलीत. त्यात स्फुरद, चुना आणि कुजण्याजोगा सेंद्रिय भाग भरपूर असल्याने तो जाळण्यापेक्षा कुजवणे बरे, आणि तोही गंधकाच्या प्रक्रियेने रस स्वच्छ करणाऱ्या कारखान्याचा असावा, चुनखडीने लदलेला नको, हा सल्ला आम्ही तंतोतंत पाळतो.

यंदाच्या रब्बीत मेथी आणि पालकाचे अर्धे वाफे कोळसा मुरवलेल्या कंपोस्टचे आणि अर्धे नुसत्या कंपोस्टचे ठेवले आहेत. शेजारचे शेतकरी कोळशाची पोती मागतात, तेव्हा मुरवल्याखेरीज पोते द्यायचे नाही हा आपला नियम मी त्यांना सांगते, आणि रागावायचे असेल तर काकांवर रागवा, असेही सांगते. कापणीच्या वेळी दोन्ही वाफ्यांचे वजन आपल्यासमोर व्हावे, अशी आम्हा सर्वांची विनंती आहे. तराजू आणि वही तयार ठेवते.

आपली नम्र,
इंदूरची एक भाजी पिकवणारी