‘कुठलं दादर?’ विचारणाऱ्या ताईंना

ताई,

नाव घालू नकोस असं बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघड लिहितोय. एक तर तुम्ही जे दाखवलंत ते जँगोत, म्हणजे पायथनमधल्या वेबसाइट बनवायच्या साधनसंचात, फॉर्म बनवणाऱ्या आणखी कुणाला उपयोगी पडेल. आणि दुसरं म्हणजे फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही “बरं बरं, पुढचं बोल” म्हणून विषय बदलता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. परळमधला आमचा छोटा गट दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देतो. लेखनिकांना विचारायच्या गोष्टी दोनच: कुठल्या विषयांचे पेपर लिहाल आणि कुठली स्थानकं सोयीची पडतील. स्थानकाचा प्रश्न वरवरचा नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला लेखनिक चार तास बसतो. त्यात सकाळच्या गर्दीत विरारहून पनवेल गाठायचं असेल, तर माणूस एकदा येईल, पुन्हा फोन उचलणार नाही. दोन्ही प्रश्नांना अनेक उत्तरं, म्हणून दोन्हीकडे चेकबॉक्सचा गट. आणि हाच फॉर्म, थोड्या फरकाने, विद्यार्थीही भरतात.

मी आलो होतो दिसण्याची तक्रार घेऊन. मोबाइलवर स्थानकांची यादी खाली खाली जातच राहायची, मला तीन रकाने हवे होते. तुम्ही काही न बोलता एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, सुरू केलंत. त्याचा बोलण्याचा वेग असा, की मला एक शब्द धड लागेना. टॅब दाबत दाबत पुढे गेलात आणि थांबलात. “दादर दोनदा आलं. कुठलं दादर?”

पडद्यावर उत्तर ठळक अक्षरांत होतं. पश्चिम, मध्य, हार्बर असे तीन मथळे, आणि दादर पहिल्या दोन्हींखाली. कानाला मात्र मथळा पोचतच नव्हता. जँगोला पर्याय गटागटांनी दिले, तर चेकबॉक्सचं मूळ टेम्प्लेट (एचटीएमएलचा साचा) गटाचं नाव एका लेबलमध्ये टाकतं. ते लेबल कुठल्याच चौकटीला जोडलेलं नसतं. टॅबने चालणाऱ्याला नुसतं ‘दादर’ ऐकू येतं, मग बऱ्याच वेळाने पुन्हा ‘दादर’.

त्यानंतरचा तास माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. तुम्ही माझ्या सीएसएसकडे, म्हणजे दिसण्याच्या नियमांकडे, वळलाच नाहीत. थेट जँगोच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शिरलात आणि फॉर्म्सच्या आतली विजेटांची, म्हणजे फॉर्ममधल्या भरायच्या घटकांची, टेम्प्लेट्स एकेक करून उघडलीत. जँगोची १.११ ही आवृत्ती एप्रिल २०१७ मध्ये आली, तोवर विजेटचं एचटीएमएल पायथनच्या कोडमध्येच जुळवलं जायचं. तेव्हापासून ते साध्या टेम्प्लेटमध्ये आहे आणि कुणालाही बदलता येतं. चेकबॉक्सच्या गटाची फाइल उघडलीत तर जेमतेम काही ओळी: गटांचं एक लूप, त्याच्या आत पर्यायांचं दुसरं. इतकी वर्षं ज्याला मी भिंत समजून वळसा घालत होतो, ते दार निघालं.

विषयांच्या प्रश्नाला तुम्ही सोपा मार्ग सुचवलात. आपल्या पानाच्या टेम्प्लेटमध्येच त्या फील्डवर लूप फिरवायचा. प्रत्येक फेरीत चौकट, तिचं लेबल आणि तिचा आयडी सुटासुटा हाती येतो, मग हवी तशी मांडणी करा. स्थानकांनाही तेच लावू म्हटल्यावर तुम्ही हसलात. तो लूप पर्यायांची सपाट यादी देतो, गटांची नावं त्यात गळून पडतात. म्हणजे दादरचा घोळ होता तसाच राहिला असता, फक्त तीन रकान्यांत.

म्हणून स्थानकांसाठी वेगळं विजेट. चेकबॉक्स-सिलेक्ट-मल्टिपलचा उपवर्ग, त्यात टेम्प्लेटचं नाव आपलं, आणि त्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक गटाभोवती फील्डसेट (एचटीएमएलमधलं गटाचं वेष्टन), गटाचं नाव लेजंडमध्ये (त्या वेष्टनाच्या मथळ्यात). इथे अनेकांना छळणारी एक बारीक गोष्ट तुम्ही आधीच सांगितलीत. फाइल प्रोजेक्टच्या सामायिक टेम्प्लेट फोल्डरमध्ये ठेवली तर जँगो ती शोधत नाही. फॉर्मचा मूळ रेंडरर (टेम्प्लेटवरून एचटीएमएल बनवणारा भाग) फक्त स्वतःच्या आणि ॲपच्या टेम्प्लेट फोल्डरमध्ये बघतो. सामायिक फोल्डरच हवं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘टेम्प्लेट्स-सेटिंग’ नावाचा रेंडरर निवडायचा आणि इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जँगोचं फॉर्म्स ॲप घालायचं. आम्ही ॲपच्या फोल्डरवर भागवलं.

पुन्हा टॅब. या वेळी गटात शिरताना एनव्हीडीएने आधी ‘मध्य रेल्वे’ म्हटलं, मग स्थानक. तुम्ही मान डोलावलीत आणि लगेच पुढची काडी घातलीत: “आता दोन्ही दादरांवर खूण कर, जतन कर, परत उघड, आणि एकावरची खूण काढ.” काढली. जतन केलं. परत उघडलं तर दोन्ही दादरांवर पुन्हा खूण! दोघांचं मूल्य (सर्व्हरला जाणारं उत्तर) एकच. एकावरची खूण काढली तरी दुसरा ते मूल्य पाठवतोच, आणि फॉर्म पुन्हा दाखवताना जँगो मूल्य जुळेल त्या प्रत्येक चौकटीवर खूण करतो. आयडी मात्र त्या दोघांचे वेगळे असतात, गटाचा आणि पर्यायाचा क्रमांक जोडून बनवलेले, त्यामुळे लेबलं बिघडत नाहीत आणि घोटाळा डोळ्यांना दिसतही नाही.

मी क्लीनच्या (भरलेली माहिती तपासणाऱ्या) फंक्शनमध्ये काय काय करता येईल ते बडबडत होतो. तुम्ही म्हणालात, “अरे, चौथा गट कर की.” गाडी बदलायची स्थानकं: दादर, कुर्ला, अंधेरी अशी. प्रत्येकाचं नाव एकदाच, यादीत सगळ्यात वर. कोडची एक ओळही न वाढवता प्रश्न मिटला, आणि लेखनिक शोधताना आम्ही तरी वेगळं काय करतो? दादरचा माणूस दोन्हीकडे जाऊ शकतो म्हणूनच तर तो आधी आठवतो.

एका बाबतीत माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, तेही लिहून ठेवतो. ज्या विषयाला पुरेसे लेखनिक मिळालेत तो पर्याय क्रिएट-ऑप्शनमधून (विजेटच्या पर्याय बनवणाऱ्या फंक्शनमधून) डिसेबल करावा असं मला वाटत होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात: डिसेबल केलेली चौकट टॅबने जाणाऱ्याला लागतच नाही, म्हणजे तो विषय आहे की नाही हेच त्याला कळत नाही. म्हणून चौकट चालू ठेवून लेबलमध्येच ‘सध्या लेखनिक पुरेसे’ असं लिहिलं. तुमचा मुद्दा बिनतोड आहे. तरी लोक लेबल न वाचता खूण करतील अशी धास्ती मला आहेच. बघू.

‘किमान एक निवडा’ ब्राउझर का बजावत नाही, हेही त्याच दिवशी उलगडलं. चौकटींना रिक्वायर्ड (भरणं सक्तीचं) लावलं तर ब्राउझर प्रत्येक चौकट भरायला लावेल, म्हणून जँगो या विजेटला ते लावतच नाही; तपासणी सर्व्हरवर होते.

आमचा जुना फॉर्म जँगो ३.२ वर होता, तिथे हे पर्याय एचटीएमएलच्या यूएल-एलआय यादीत यायचे. डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये त्याऐवजी डिव्ह (नुसते कप्पे) आले, आणि ते स्क्रीन रीडरवर मोजकं बोललं जावं याचसाठी. ऑगस्ट २०२२ च्या ४.१ पासून ॲज-डिव्ह या पद्धतीने फॉर्म छापला तर सगळ्या प्रश्नाभोवती फील्डसेट आपोआप मिळतो. हे तुम्ही घड्याळाकडे कान लावून, उठता उठता सांगितलंत, आणि आमचं आवृत्ती वाढवायचं रेंगाळलेलं काम त्या आठवड्यात झालं.

रकाने शेवटी मीच केले. “ते तुझं तू बघ, मला एक रकाना काय आणि तीन काय,” म्हणालात. सीएसएस ग्रिडने केलेत, म्हणजे टॅब डावीकडून उजवीकडे जातो. ओळीत आधी चर्चगेट, मग मरीन लाइन्स, मग चर्नी रोड. हा क्रम ऐकताना बरोबर वाटतो का, ते तुम्हालाच सांगावं लागेल.

परीक्षेच्या तारखा निवडायचं पान अजून बाकी आहे आणि तिथलं कॅलेंडर कीबोर्डला दादच देत नाही. शनिवारी दुपारी मोकळ्या असाल तर येतो. चहा आणि वडापाव माझ्याकडून.

तुमचा आभारी,
लेखनिक नोंदणीचं काम बघणारा