ज्यांनी माझी आरटीजीएसची स्लिप परत केली त्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी पेढ्यांचा पुडा घेऊन शाखेत आलो होतो. तुमच्या टेबलावर दुसरे साहेब बसले होते. तुमची बदली झाली एवढंच कळलं. कुठे झाली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव लिहीत नाही, बँकेचंही नाही. पण कुणी तुम्हाला हे वाचून दाखवलं तर ‘स्लिप घेऊन आलेले एसटीतले काका’ एवढ्यावरून तुम्हाला आठवेल.

गेल्या श्रावणातला दुसरा सोमवार होता. मी एफडी मोडायचा अर्ज आणि ४ लाख २० हजारांची आरटीजीएसची, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवायची, स्लिप अशी दोन्ही कागदं तुमच्यापुढे ठेवली. पैसे ज्याला जायचे ते कुठल्याशा एंटरप्रायझेसचं चालू खातं होतं, तेही परराज्यातलं. तुम्ही विचारलंत, "काका, हे कोण तुमचे?" मी म्हणालो, "घराच्या कामाचं सामान मागवलंय." ते वाक्य माझं नव्हतं. ज्यांनी मला क्रिप्टोत, म्हणजे आभासी चलनात, पैसे घालायला लावले होते त्यांनी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मला ते पढवलं होतं. बँकेतल्या लोकांना क्रिप्टो कळत नाही, ते उगाच अडवतात, म्हणून घरकाम सांगा, असा निरोप होता. ३२ वर्षं एसटीत वाहक होतो. प्रवासी खोटं बोलतोय हे मला त्याच्या नजरेवरून कळायचं. त्या दिवशी तुम्हाला माझ्या नजरेवरून कळलं असणार.

तुम्ही स्लिप बाजूला ठेवलीत, पाणी मागवलंत आणि मला आतल्या खुर्चीत बसवलंत. मागे रांग होती, कुणीतरी कुरकुरलंही. पण तुम्ही आवाज चढवला नाहीत. "फसवतायत तुम्हाला" असं एकदाही म्हणाला नाहीत. तसं म्हणाला असतात तर मी उठून दुसऱ्या बँकेत गेलो असतो, कारण महिनाभर मला हेच सांगितलं जात होतं की लोक जळतात, अडवतात, खच्ची करतात.

तुम्ही म्हणालात, "काका, पैसे कशात गुंतवलेत? अ‍ॅप असेल तर दाखवता का मला?"

त्या क्रिप्टोच्या अ‍ॅपमध्ये माझ्या नावावर १८ लाख ६० हजार दिसत होते. मी घातलेले होते ४ लाख ६० हजार. म्हणजे १४ लाख नफा. हे पैसे काढायचे तर आधी नफ्यावर ३० टक्के कर भरा, असा त्यांचा निरोप होता. १४ लाखांचे ३० टक्के म्हणजे ४ लाख २० हजार. हिशोब पैशाला पै जुळत होता, म्हणूनच मला त्यात खोट दिसली नाही.

तुम्ही मला आधी सांगितलंत की ३० टक्क्यांचा नियम खरा आहे. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के आयकर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापला जातो. मग तुम्ही विचारलंत, "आयकर कुणाला भरतात, काका?" मी म्हणालो, सरकारला. "मग सरकारचं चालू खातं एंटरप्रायझेसच्या नावावर असतं का? कर भरला तर तुमच्या पॅनवर चलन, म्हणजे भरल्याची पावती, निघतं. टीडीएस असेल तर तुमच्याच रकमेतून कापून उरलेले पैसे हातात येतात. तुमचे १८ लाख त्यांच्याकडे पडलेत ना? मग त्यातूनच कापून घ्या म्हणावं."

तो मेसेज तुम्ही मला माझ्याच हाताने लिहायला लावलात. ‘माझ्या नफ्यातून ४ लाख २० हजार कापून घ्या, उरलेले पाठवा.’ पाच मिनिटांत उत्तर आलं : नियमात बसत नाही. २४ तासांत भरणा केला नाही तर खातं कायमचं गोठवण्यात येईल. त्यामागोमाग राजमुद्रा छापलेलं एक पत्र आलं, त्यात माझं नावही चुकलेलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझे हात थरथरायला लागले.

मॅडम, वाहकाच्या नोकरीत रोज रात्री डेपोत रोकड भरावी लागते. वेबिलावर, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदावर, जेवढा आकडा, तेवढी रक्कम बॅगेत असलीच पाहिजे. दहा रुपये कमी पडले तरी ते स्वतःच्या खिशातून घालायचे. जन्मभर मी आकडा आणि रोकड जुळवत आलो. अ‍ॅपमध्ये मला फक्त आकडा दिसत होता, आणि रोकड कुठे आहे हे मी एकदाही विचारलं नाही. ते तुम्ही विचारलंत.

त्यानंतर तुम्ही जे बोललात ते मी आता सगळ्यांना सांगतो. क्रिप्टो चांगलं की वाईट हा वाद वेगळा, पण माझ्या व्यवहारात क्रिप्टो नव्हतंच. मी दर वेळी रुपये पाठवले, आणि दर वेळी वेगळ्या खात्यात पाठवले. एकदा कुणा ट्रेडर्सचं, एकदा कुणा माणसाच्या नावाचं, एकदा कसल्याशा सर्व्हिसेसचं. अशी खाती भाड्याने घेतलेली असतात, कुणीतरी थोड्या पैशांसाठी आपलं पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती दिलेलं असतं. क्रिप्टोची खरेदी-विक्री जिथे होते त्या खऱ्या एक्स्चेंजला मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे, त्याला केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. माझं ‘एक्स्चेंज’ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून मोबाईलमध्ये उतरवलेलं होतं.

हे सुरू कसं झालं ते त्या दिवशी तुम्हाला नीट सांगता आलं नाही. फेसबुकवर एका नामवंत उद्योगपतीचा व्हिडिओ आला. त्यात ते स्वतः सांगत होते की सामान्य माणसाने आता यात उतरावं. चेहरा तोच, आवाज तोच. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की आपल्या नावाने ट्रेडिंग अ‍ॅपचे बनावट व्हिडिओ फिरतायत. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मी व्हिडिओखालचं बटण दाबलं आणि एका ग्रुपमध्ये गेलो. स्वतःला प्राध्यापक म्हणवणारा एक जण रोज संध्याकाळी शिकवायचा. बाकीचे लोक नफ्याचे फोटो टाकायचे, आभार मानायचे. त्यातले किती खरे होते कोण जाणे. मी पहिल्यांदा १० हजार घातले. चार दिवसांत १२ हजार ४०० दिसले. त्यातले २ हजार काढून पाहिले तर ते खरंच माझ्या खात्यात आले. तिथेच माझा विश्वास बसला. त्या दोन हजारांनी माझ्याकडून साडेचार लाख काढून घेतले.

क्रिप्टोच्याच नावाने लोकांना फसवल्याचं पुण्यातलं गेनबिटकॉइन प्रकरण २०१८ मध्ये मी डेपोत पेपरात वाचलं होतं. महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं आमिष होतं. तेव्हा मी शेजारच्या चालकाला म्हणालो होतो, लोकांना हाव सुटते, दुसरं काय. आज त्या बोलण्याची मला लाज वाटते. एसटीची पेन्शन किती तुटपुंजी असते ते ज्याच्या घरी निवृत्त माणूस आहे त्याला माहीत आहे. निवृत्तीला हातात आलेली रक्कम हाच आयुष्यभराचा पैसा. ती पुरावी, मुलांवर ओझं होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. गेनबिटकॉइनमध्ये अडकलेल्या माणसांच्याही डोक्यात तेच असेल.

तुम्ही आणखी एक प्रश्न विचारलात, आणि तो मला सगळ्यात जड गेला : "काकूंना माहीत आहे?" माहीत नव्हतं. प्राध्यापकाच्या असिस्टंटने सांगितलं होतं, सरप्राईज द्या. तुम्ही म्हणालात, आज घरी जाऊन सांगा, नाहीतर उद्या ते तुम्हाला पुन्हा गाठतील आणि तुम्ही एकटे असाल. मी सांगितलं. ही दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच वही काढली आणि कुठल्या तारखेला किती गेले ते ओळीने लिहून घेतलं. पोलीस ठाण्यात तीच वही कामाला आली.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर तुम्ही माझ्या फोनवरून, तुमच्याच टेबलावरून लावलात. पलीकडून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने त्याला दिलेला क्रमांक), तारीख, रक्कम विचारत होते आणि तुम्ही पासबुकावरून एकेक वाचून दाखवत होतात. तुमची जेवणाची सुट्टी त्यात गेली. तक्रारीचा क्रमांक मेसेजवर आला, मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर सगळे स्क्रीनशॉट कसे घालायचे ते तुम्ही कागदावर लिहून दिलंत. चॅट पुसू नका, ग्रुप सोडण्याआधी सगळं जपून ठेवा, हे त्याच कागदावर होतं. मी तर रागाने सगळं उडवायला निघालो होतो.

शेवटचे दीड लाख दोनच दिवसांपूर्वी गेले होते. त्यातले ३८ हजार एका खात्यात सापडले आणि थांबवता आले. न्यायालयाच्या आदेशानंतर ते मला परत मिळाले. बाकीचे गेले, एका खात्यातून दहा खात्यांत पसरून. अजून तपास चालू आहे, पण मी त्या पैशांवर जीव लावून बसलेलो नाही. तक्रार पहिल्या तासात झाली असती तर जास्त हाती लागलं असतं, हे पोलिसांनीही सांगितलं.

तुम्ही बजावलं होतंत तसंच पुढे झालं. तीन आठवड्यांनी टेलिग्रामवर एक जण आला. तुमचे पैसे सापडलेत, १५ टक्के फी आधी भरा, सोडवून देतो म्हणाला. त्याला माझी रक्कमही बरोबर माहीत होती. तुमचा कागद समोर नसता तर मॅडम, मी भरले असते. खरं सांगतो.

एक गोष्ट मला अजून सुटत नाही. ती असिस्टंट रोज सकाळी ‘चहा झाला का काका’ विचारायची. तिच्यावर मला फार राग होता. मग वाचलं की म्यानमार-कंबोडियात अशा धंद्यांची मोठाली आवारं आहेत, नोकरीच्या आमिषाने नेलेल्या पोरांना तिथे डांबून हेच काम करायला लावतात. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. माझ्याशी बोलणारी त्यांच्यासारखीच कुणी होती, की मजेत पगार घेणारी होती, मला कळायचा मार्ग नाही. पण तेव्हापासून निवृत्तांच्या बैठकीत बोलताना मी दुसरीही एक गोष्ट सांगतो : थायलंडात डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट फुकट, असं कुणी नातवाला सांगितलं तर आधी चौकशी करा.

हो, मी बोलतो आता. डेपोतल्या निवृत्तांच्या महिन्याच्या बैठकीत पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. बोलून खाली बसलो. बैठक संपल्यावर एक जुना चालक मला जिन्यापाशी थांबवून म्हणाला, माझेही दोन लाख अडकलेत, परवा पुढचे भरायचेत. त्याला मी तसाच उचलून शाखेत आणला. त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. मग तुम्ही जे विचारलं होतंत तेच मी त्याला विचारलं, तोच मेसेज लिहायला लावला. उत्तरही तसंच आलं, फक्त २४ तासांच्या जागी १२ तास होते. त्याचे पुढचे पैसे वाचले.

आणि पेढे कशाचे होते ते राहिलंच. जी एफडी त्या दिवशी मोडली नाही, त्यातून हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता ती कुणाचा हात न धरता देवळाच्या पायऱ्या चढते. तुम्ही कराडला आलात तर घरी जेवायला बोलवायचं असं तिने मला बजावून ठेवलंय. पत्ता त्या एफडीच्या अर्जावर होता तोच आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहक, कराड