पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी उघडून तरी पाहा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून पुस्तके बाद करण्यापूर्वी त्यांची यादी प्रत्येक विभागाच्या अध्यापकांना दाखवली जाईल, असे लेखी आश्वासन आम्हाला मिळाले होते. यादी कोणीच पाहिली नाही. सुट्टीच्या काळात कपाटे रिकामी झाली, पुस्तके वजनावर विकली गेली आणि आम्हा संशोधकांना ग्रंथसूचीत ‘निर्लेखित’ (म्हणजे संग्रहातून बाद) हा शेरा वाचून त्याचा पत्ता लागला.

पुस्तके बाद करण्याला माझा विरोध नाही. औषधांच्या जुन्या मात्रा सांगणारे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक, रद्द झालेल्या कायद्यावरचे मार्गदर्शक, एकाच जुन्या आवृत्तीच्या डझनभर प्रती, वाळवीने खाल्लेले खंड हे सारे काढलेच पाहिजे. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू संस्था म्हणते, आणि जे वाढते त्याची निगराणीही करावी लागते. परंतु निगराणी करणाऱ्याने पुस्तक हातात घ्यायला हवे. आमच्याकडे निकष एकच लावला गेला : दहा वर्षांत देवघेवीची नोंद नाही, म्हणून पुस्तक बाद.

या निकषाने काय झाले ते पाहा. ज्या जुन्या सर्वेक्षण अहवालांवर माझे संशोधन उभे आहे, त्यांच्या पहिल्याच पानावर ‘केवळ संदर्भासाठी, घरी नेण्यास मनाई’ असा लाल शिक्का होता. जे पुस्तक घरी न्यायलाच बंदी, त्याची देवघेव शून्यच असणार. ते खंड मी ग्रंथालयातच बसून वर्षानुवर्षे वाचले, त्यांतील कोष्टके हाताने उतरवून घेतली, आणि संगणकाच्या लेखी त्यांना एकही वाचक नव्हता. आज माझ्या प्रबंधातील तळटिपा ज्या पृष्ठांकडे बोट दाखवतात, ती पृष्ठे परीक्षकालाही पाहता येणार नाहीत. इतक्या वर्षांच्या कामाचा आधार असा काढून घेतला गेल्याचा संताप मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तके पहिल्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नाहीत, असे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तो दाखला आम्हालाही ऐकवण्यात आला. तो आकडा घरी नेलेल्या पुस्तकांचा आहे, मेजावर वाचलेल्यांचा नव्हे, हे मात्र कोणी सांगितले नाही. शिवाय इतिहास आणि भाषाशास्त्राचे ग्रंथ तीस वर्षांनीही कामाला येतात. त्यांना संगणकशास्त्राच्या पुस्तकांचा काळ लावणे हे अज्ञान आहे.

‘सर्व काही डिजिटल मिळते’ हे उत्तरही तपासून पाहावे. यातील एका खंडाची डिजिटल प्रत मी शोधून काढली. तिच्यातील घडीचे नकाशे न उलगडताच छायांकित केले आहेत, त्यामुळे अर्धा नकाशा घडीखाली गेला आहे. वर्गणी भरून मिळणारे संग्रह तर वर्गणी थांबली की बहुधा बंद होतात.

पुस्तक घेताना अध्यापकाची शिफारस, समितीची मंजुरी, दाखल नोंदवहीतील नोंद असे सारे सोपस्कार होतात. तेच पुस्तक काढताना संगणकातून निघालेला एक तक्ता पुरतो, कारण ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवून त्याचे काम कार्यालयाकडे सोपवले आहे आणि कार्यालयाला मोकळी झालेली जागाच तेवढी दिसते. विषय जाणणाऱ्या माणसाला निर्णयातून वगळण्याची ही सवय ग्रंथालयापुरती राहिलेली नाही. अभ्यासक्रम, नेमणुका, संशोधनाचे मूल्यमापन सगळीकडे तीच पद्धत चालू आहे, आणि तिची जबाबदारी आपल्या खात्यावर येते.

बाद केलेल्या प्रत्येक ग्रंथाची यादी दाखल क्रमांकासह प्रसिद्ध करावी. इतर कोणत्याही ग्रंथालयात प्रत नसलेला ग्रंथ विकण्यास मनाई करावी, मेजावरच्या वाचनाची नोंद सक्तीची करावी आणि विषयाच्या अध्यापकाच्या सहीशिवाय निर्लेखन होऊ देऊ नये. सुतळीने बांधलेले उरलेले गठ्ठे अजून तळघरात पडून आहेत. ते उचलले जाण्यापूर्वी स्थगितीचा आदेश निघाला पाहिजे.

आपला,
एक संशोधक