खातरजमा वाचकांनीच करायची?

महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन मिळणारी आरोग्यविषयक माहिती कशी पारखून घ्यावी, हा कालच्या ठाणे पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार पान उलटल्यानंतरची आहे. कात्रणवहीसाठी लेख कापायला घेतला, तर मागच्या बाजूच्या गृहस्थांचे डोके स्टेथोस्कोपसकट कात्रीत आले. पांढरा कोट घातलेले हे गृहस्थ ९० दिवसांत मधुमेह ‘मुळापासून’ घालवतात. खाली क्यूआर कोड, पैसे पार्सल हातात आल्यावर.

हे गृहस्थ आमच्या चांगलेच ओळखीचे आहेत. वर्तकनगरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांना ते गेल्या वर्षी मोबाइलवर भेटले. दिरांनी एकदा कधीतरी ‘शुगर कमी करण्याचे उपाय’ शोधले आणि तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर यांचे दर्शन. चूर्ण मागवले. पार्सल आणणारा मुलगा पैसे मिळाल्याशिवाय खोके उघडू देईना, तो तरी काय करणार बिचारा. मागोमाग ‘हेल्थ कोच’ म्हणवणाऱ्या मुलीचे फोन सुरू झाले. काका, त्या गोळ्यांनी किडनी जाते, आधी त्या बंद करा. दिरांनी गोळ्या सोडल्या, इन्सुलिनही सोडले, आणि घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. पावसाळ्यात ताप आला, पाठोपाठ ग्लानी. जाऊबाईंनी बोट टोचून साखर बघितली, तर यंत्रावर आकडाच येईना, नुसते ‘हाय’. त्यांना वाटले सेल संपले. बऱ्याच यंत्रांत साखर ६०० च्या वर गेली की असे दिसते, हे आम्हाला कॅज्युअल्टीत समजले.

दीर वाचले. ते घरी आल्यावर मी तो डबा घेऊन बसले. पुढच्या बाजूला कारली, जांभळे आणि साखर मोजायचे यंत्र. मागे, भिंग लावल्यावर, इंग्रजीत एक ओळ: औषधी वापरासाठी नाही. शेजारी १४ आकडी अन्न परवाना क्रमांक. म्हणजे जाहिरातीत औषध आणि डब्यावर खाऊ!

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. तिथली मुलगी अदबीने बोलली, तक्रार कंपनीकडे गेली, कंपनीने कळवले की ग्राहकाने पथ्य पाळले नाही. झाले. हेल्पलाइन मध्यस्थी करते, निवाडा करत नाही. तो हवा तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्कही नाही. पण दिरांना आता त्या डब्याचा विषयसुद्धा काढलेला खपत नाही, आणि बिलावरचा पत्ता म्हणजे परराज्यातल्या कुठल्याशा गोदामाचा गाळा नंबर.

कालच्या लेखात सल्ला आहे की डॉक्टरांचे नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासा. जाहिरातीत नाव असेल तर ना! कोट तपासू का?

आणि मी का तपासायचे? माझी नोकरी कोर्टात टायपिंग करण्यात गेली, त्यामुळे कलमे वाचायची खोड आहे. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचे नाव स्पष्ट आहे. तो बरा करतो अशी जाहिरातच करायची नाही. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद. बंदी नुसती चूर्णवाल्यावर नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात जो कुणी भाग घेईल त्याच्यावर आहे, आणि भाग घेण्याच्या व्याख्येत छपाईसुद्धा येते. कलम २ काढून बघावे. आपल्याकडे कायदा सल्लागार असतीलच.

त्यावर आपला उपाय म्हणजे पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांतली चौकट: ‘जाहिरातीतील दाव्यांची खातरजमा वाचकांनी स्वतः करावी.’ भिंग तयारच होते, म्हणून वाचता आली. मोबाइलवर कोण काय दाखवते यावर आपला ताबा नाही, मान्य. स्वतःच्या छापखान्यावर तर आहे? जाहिरात विभाग वेगळा असतो, असे उत्तर येईल. असेल. पेपरचे बिल मात्र मी एकच भरते.

आमच्या सोसायटीत निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत. मोबाइलवर आले तर ते एखादे वेळी मुलांना विचारतात. पेपरात छापून आले म्हणजे कुणालाच विचारत नाहीत. ती जाहिरात पुन्हा छापणार आहात का, एवढे याच सदरात कळवावे. पत्र लांबले म्हणून कापायचे असेल तर वरचा हेल्पलाइनचा मजकूर कापा, कायद्याचा नको.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या शब्दकोड्यात उभ्या ११ ला चार चौकोन होते आणि आज छापलेले उत्तर तीन अक्षरी आहे. हे याच महिन्यात दुसऱ्यांदा झाले.

एक जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)